अच्युतरावांचं लोणीपान

शेजारी म्हटला की काहीतरी मागायला येणारच. विरजण मागतील, वाटीभर साखर मागतील, पाहुणे आले तर दोन पाट मागतील. आमच्या गिरगावातल्या चाळीत मागायला लाजून चालायचंच नाही. पण चिलटं मागायला येणारा शेजारी तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय. माझ्या भिंतीला भिंत लावून राहायचा.

"वहिनी, एखादं चिलट असेल का हो?" असं म्हणत अच्युतराव टेंबे दारात उभे राहायचे. एका हातात काचेचा पेला, दुसऱ्या हातात पेल्यावर झाकायला पुठ्ठ्याचा तुकडा. पहिल्यांदा आले तेव्हा मी चांगलीच भडकले. म्हटलं, "माझ्या घरात चिलटं आहेत असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"छे छे! माझं तसं काही म्हणणं नाही," अच्युतराव म्हणाले. "पण फडताळावरचं ते केळं कालच फार पिकलेलं दिसत होतं. आज असतील."

आणि होती की मेली तिथे! अच्युतरावांनी पेला पालथा घातला, पुठ्ठा सरकवला, आणि "आभारी आहे हं" म्हणून गेले. जाताना वर सांगून गेले, "ते केळं टाकू नका. मी उद्या येतो." मी त्यांच्या देखत ते केळं टाकलं. मी स्पष्ट वागणारी बाई आहे, चाळीत कुणालाही विचारा.

अच्युतराव माझगावच्या गोदीत कामाला होते. बोटीतून उतरणारा माल मोजून घ्यायचा, हे त्यांचं काम. मोजण्याची सवय इतकी अंगात मुरलेली की घरी येतानासुद्धा जिन्याच्या पायऱ्या मोजायचे, आणि मधेच कुणी हाक मारून हिशेब चुकवला तर पुन्हा खाली जाऊन पहिल्यापासून चढायचे. बायको लग्नानंतर थोड्याच दिवसांत गेली. मूलबाळ नाही. दोन्ही वेळचं जेवण कोपऱ्यावरच्या खाणावळीत. डोक्याला काळी टोपी, अंगात बंद गळ्याचा कोट, उन्हाळा असो की पावसाळा. कुठलंही बोलणं सुरू करताना पहिलं वाक्य ठरलेलं: "माझं तसं काही म्हणणं नाही." हे ऐकलं की शहाणी माणसं चपला पायात सरकवायची, कारण त्याच्या मागून 'पण' यायचा आणि त्या 'पण'च्या मागून अर्धा तास.

आता ही चिलटं कशाला, ते सांगते. एका पावसाळ्यात अच्युतराव गोदीतून घरी आले ते कोटाच्या आत काहीतरी धरून. मला वाटलं, मांजराचं पिल्लू असणार. म्हटलं झालं, आता आमच्या दुधाची खैर नाही. पण निघाला पत्र्याचा डबा, डब्यात वाळू, आणि वाळूत एक हिरवंगार रोप, पेढ्याएवढं. कुठल्याशा परदेशी बोटीवरच्या आचाऱ्याने त्यांना ते भेट दिलं होतं. आचाऱ्याला मराठी येत नव्हतं, अच्युतरावांना त्याची भाषा येत नव्हती. 'मेक्सिको' एवढा एक शब्द दोघांना समजला, बाकीचं सगळं हातवाऱ्यांनी. ते हातवारे अच्युतरावांनी मला गॅलरीत करून दाखवले. वरून खाली बोटं नाचवायची, म्हणजे पावसाचं पाणी. त्याला मान डोलवायची. नळ पिळल्यासारखं करायचं आणि दोन्ही हात हलवायचे, म्हणजे नळाचं पाणी नको. नाक दाबायचं आणि पुन्हा हात हलवायचे, म्हणजे शेणखत नको. मग बोटांनी माशी उडवायची आणि ओठांवरून जीभ फिरवायची. हे शेवटचं करताना समोरच्या बिऱ्हाडातल्या आजींनी पाहिलं आणि लगबगीने दार लावून घेतलं.

रोपाची पानं जाड, फिकट हिरवी, आणि वरून चकचकीत. बोट लावलं तर लोण्याच्या गोळ्याला लावल्यासारखं वाटायचं, म्हणून त्यांनी त्याचं नाव ठेवलं लोणीपान. त्या चकचकीत पानावर चिलट बसलं की संपलं. पाय चिकटायचे. मग ते पान हळूहळू त्याला जिरवून टाकायचं, आणि दोन दिवसांनी नुसता पंखांचा चुरा राहायचा. मी तर तोंड फिरवलं. अच्युतराव मात्र लेकराला घास भरवताना आई जशी आ करते तसा आ करून बघत बसायचे. बोलायचे तेही अहोजाहो करून. "जेवले आत्ताच. जरा पडलेत." नवऱ्याबद्दल मी इतक्या आदराने कधी बोलले नाही.

त्या रोपासाठी अच्युतरावांनी खिडकीच्या जुन्या तावदानांच्या काचा जोडून एक पेटी केली. वर काचेचंच झाकण, आत धुतलेली वाळू आणि विटांची भुकटी, म्हणजे हवा दमट राहते. आणि पाणी कसलं, तर पावसाचं! लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या आणून त्यांनी पागोळ्यांखाली लावल्या आणि भरून खोलीत रांगेने ठेवल्या. चाळीत पाण्याची बोंब असायची. नळावर सकाळी बायकांची भांडणं, आणि या गृहस्थांच्या खोलीत भरलेल्या बरण्या! एकदा आमच्याकडे पाहुणे आले नि नळ गेला, म्हणून मी कळशी घेऊन गेले. "माझं तसं काही म्हणणं नाही," ते म्हणाले, "पण पाहुणे काय, आज आहेत उद्या नाहीत." मी आठ दिवस बोलले नाही त्यांच्याशी. कुणाला आठ दिवस न बोलणं मला किती जड जातं, ते आमच्या ह्यांना विचारा.

तेवढ्यावर भागलं असतं. पण आमच्या चाळीत शिरस्तेदार राहात होते.

शिरस्तेदार म्हणजे वासुदेवराव करंदीकर. कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले आणि चाळीच्या कमिटीचे अध्यक्ष झाले, म्हणजे निवृत्त झालेच नाहीत. चाळ एका देवस्थानाच्या ट्रस्टची. भाड्याच्या करारात कलम होतं: चाळीत मांसमच्छी आणू नये, शिजवू नये, खाऊ नये, केल्यास खोली खाली करावी लागेल. हे कलम शिरस्तेदारांना तोंडपाठ होतं. वरच्या मजल्यावर कुणी कांदा जरा जास्त परतला तरी ते जिन्यात उभे राहून वास घ्यायचे.

गंमत म्हणजे अच्युतराव आणि शिरस्तेदार एकेकाळचे जिवाभावाचे दोस्त. ते दिवसच तसे होते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, यापुढे दुसरं बोलणं नाही. संचारबंदी, गोळीबार, गेलेल्या पोरांच्या घरचा आकांत, सगळं आम्ही पाहिलं. रोज सभा, रोज मोर्चा. मीही कडेवर मुलगी घेऊन घोषणा देत गेले होते, आणि घरी आल्यावर घसा बसला म्हणून चार दिवस आमच्या ह्यांना फार शांतता मिळाली. एका सत्याग्रहात या दोघांना पोलिसांनी पकडलं, गाडीत घातलं आणि पार ठाण्याच्या पलीकडे माळावर नेऊन सोडून दिलं. दोघं तिथून पायी आले. पायाला फोड, टोपी एकाची, ती आळीपाळीने दोघांच्या डोक्यावर. चाळीच्या दारात त्यांना ओवाळलं ते मीच.

अशी दोस्ती, आणि ती एका चिलटावरून तुटली! रोप आलं त्याच पावसाळ्यातली आषाढी एकादशी. शिरस्तेदार पोथी आटपून अच्युतरावांकडे वर्तमानपत्र मागायला गेले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एक चिलट लोणीपानावर बसलं नि तडफडायला लागलं.

"अच्युतराव, हे काय चाललंय?"

"जेवतायत," अच्युतराव कौतुकाने म्हणाले.

"आज? एकादशीला? चाळीत?"

संध्याकाळी कमिटी बसली. मी कमिटीवर नव्हते, पण गॅलरीत तांदूळ निवडायला कुणाची परवानगी लागत नाही. शिरस्तेदारांनी कलम वाचलं. अच्युतराव म्हणाले, "माझं तसं काही म्हणणं नाही. पण मी मांस आणलं नाही. चिलट आपल्या पायांनी आलं."

"पंखांनी," कमिटीतलं कुणीतरी म्हणालं.

"पंखांनी. शिजवलं नाही, कच्चंच आहे. आणि मी खाल्लं नाही. मग कलम कुणाला लागतं?"

"खोली तुमच्या नावावर आहे! तुमच्या खोलीत कुणीही खाल्लं तरी जबाबदार तुम्ही!" शिरस्तेदारांचा पारा चढला होता. "उद्या वाघ आणून बांधाल आणि म्हणाल, बोकड आपल्या पायांनी आला!"

अच्युतराव तडजोडीला तयार झाले. एकादशीला, चतुर्थीला आणि श्रावणातल्या सोमवारी पेटीवर मलमलीचं फडकं टाकून लोणीपानाला कडक उपास घडवीन म्हणाले. आणि खरंच घडवायचे! फडक्यावर आपल्या हाताने तुळशीचं पान ठेवायचे. पण शिरस्तेदार ऐकायला तयार नव्हते. प्रकरण ट्रस्टकडे गेलं. ट्रस्टचे कारभारी स्वतः येऊन पाहणी करणार, आणि झाड मांस खातं हे त्यांच्या डोळ्यांना दिसलं की खोली खाली, असं ठरलं. मी अच्युतरावांना साफ सांगितलं, "द्या ते झाड कुणाला तरी. राणीच्या बागेत नेऊन द्या. त्या काळ्या तोंडाच्या रोपापायी बेघर व्हाल."

"हिरव्या," ते म्हणाले, आणि आत गेले.

गिरगावातली खोली हातची गेली तर पुन्हा मिळायची नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. अच्युतरावांना गावी घर नव्हतं, भाऊ नव्हता, बहीण नव्हती. जायचे कुठे? मला रात्री जेवण गोड लागेना. हा माणूस डोकं उठवतो हे खरं, पण भिंतीपलीकडे त्याचं खोकणं ऐकायची मला सवय झाली होती. मी ह्यांना म्हटलं, काहीतरी करा. ह्यांनी काय केलं असेल ते मी सांगायला नको.

कारभाऱ्यांना सवड मिळेमिळेपर्यंत थंडी पडली. आणि थंडीबरोबर लोणीपानाला काय झालं कोण जाणे, ते आटायला लागलं. मोठी पसरट पानं गळून गेली, आणि मधे बारीक बारीक, जाडसर, एकमेकांना चिकटून बसलेल्या पानांचं एवढंसं बोंड उरलं. चकाकी गेली. चिकटपणा गेला. अच्युतराव चिलटं नेऊन सोडायचे, ती पानावर फिरून उडून जायची.

"वहिनी, त्यांनी अन्न सोडलं," अच्युतराव एका सकाळी माझ्या दारात येऊन म्हणाले. दाढी वाढलेली, टोपी डोक्यावर नाही. "चाळीने वाळीत टाकलं ते मनाला लावून घेतलं त्यांनी. उपोषणाला बसलेत."

त्या दिवसांत उपोषणाला कोण बसत नव्हतं! पण झाडाने बसावं म्हणजे कमाल झाली. मला हसू आलं, आणि त्यांचा चेहरा पाहून ते गिळलं. मी जाऊन पाहिलं. खरंच, मरायला टेकल्यासारखंच दिसत होतं. त्या परदेशी आचाऱ्याने थंडीबद्दल हातांनी काही सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर यांना कळलं नव्हतं. मी म्हटलं, "मरायचंच असेल तर कारभारी यायच्या आधी मरू दे बाई."

पाहणीला कारभारी आले ते संक्रांत उलटल्यावर. लठ्ठ, हसतमुख गृहस्थ. त्यांना जिना चढूनच दम लागला होता. मागून कमिटी, कमिटीच्या मागून अख्खी चाळ. अच्युतरावांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. वर्तमानपत्रात मुंबई मिळणार अशा बातम्या यायला लागल्या होत्या, लोक खुशीत होते, पण त्या खोलीत अच्युतराव आरोपीसारखे भिंतीला टेकून उभे होते. पेटीचं झाकण काढलं. बोंड दिसलं.

"हे मांस खातं?" कारभारी म्हणाले.

"आत्ता सिद्ध करतो," असं म्हणून शिरस्तेदारांनी कनवटीची तपकिरीची डबी काढली. डबीत तपकीर नव्हती. डबीत जिवंत चिलट होतं! शिरस्तेदार, जे पाणीसुद्धा दुहेरी फडक्यातून गाळून प्यायचे, त्यांनी आदल्या दिवशी जिन्याखाली बसून पुराव्यासाठी ते चिलट पकडलं होतं.

"म्हणजे तुम्ही याला मारायला घेऊन आलात?" कारभाऱ्यांनी विचारलं.

शिरस्तेदारांनी डबीवर बोट दाबून धरलं. हा मुद्दा त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. "मी मारत नाही. झाड मारेल," ते पुटपुटले.

"झाडाच्या ताटात वाढणार कोण?"

मी पदर तोंडाशी धरला. शिरस्तेदारांनी डोळे मिटले, बहुधा काहीतरी म्हटलं मनात, आणि डबी पानावर झटकली. आम्ही सगळे पेटीवर वाकलो. चिलट पानावर पडलं. उठलं. पानभर फेरी मारली, पुढचे पाय एकमेकांवर चोळले, मागचे चोळले, आणि उडून सरळ कारभाऱ्यांच्या नाकाच्या शेंड्यावर जाऊन बसलं.

खोलीत असा हशा उसळला की खालच्या दुकानातली माणसं वर पाहायला आली. कारभारीही हसले. त्यांनी नाक पुसलं आणि पानाला बोट लावून पाहिलं. कोरडं! मग कमिटीतल्या प्रत्येकाला बोट लावून बघायचं होतं. नुसतं लावून नव्हे, चिमटीत धरून. शिरस्तेदारांनी तर दोन वेळा चिमटीत धरलं, त्यांचा विश्वासच बसत नव्हता. आणि प्रत्येकाच्या चिमटीबरोबर एक-एक पान तुटून हातात यायला लागलं.

"अहो हळू! अहो, आजारी आहेत ते!" अच्युतराव ओरडत होते. ऐकतंय कोण.

"हे झाड शाकाहारी आहे," कारभाऱ्यांनी जाहीर केलं. "तक्रार रद्द. खोली टेंब्यांकडेच राहील."

चाळीने टाळ्या वाजवल्या. माझा जीव भांड्यात पडला. आणि एवढ्यात काय व्हावं? अच्युतराव भिंत सोडून पुढे आले. डोळे लाल झालेले.

"माझं तसं काही म्हणणं नाही," ते म्हणाले, "पण हे खोटं आहे. ते चिलटं खातात. भरपूर खातात. शिरस्तेदार खोटं बोलणारे नाहीत, त्यांनी पाहिलं ते खरं आहे. आज लोणीपानाची तब्येत बरी नाही एवढंच."

असा माणूस पाहिलाय का हो! फासाच्या दोरीतून मान सुटली तर स्वतः घालून घेतोय! शिरस्तेदार अच्युतरावांकडे बघतच राहिले. मी माणसांना ढकलत पुढे घुसले आणि म्हटलं, "अच्युतराव, गप्प बसा! कारभारी, यांना चार दिवस झोप नाही, यांचं काही मनावर घेऊ नका."

कारभाऱ्यांनी एकदा अच्युतरावांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मी माझ्या डोळ्यांनी जे पाहिलं तेवढंच मानतो," ते म्हणाले. "आणि यापुढे याच्यावरून मला जिना चढायला लावू नका." शिरस्तेदारांना हरकत घेता आली असती. त्यांनी घेतली नाही. डबी कनवटीला लावून खाली मान घालून निघून गेले.

सगळी गेल्यावर मी पाहिलं तर अच्युतराव जमिनीवर बसून तुटलेली पानं गोळा करत होते. एकेक उचलून तळहातावर ठेवत होते. खोली वाचली त्याचं काही नाही. मी म्हटलं, "टाका आता ती." तर म्हणाले, "कशी टाकू?" बशीत ओली वाळू पसरून त्यांनी ती पानं वर नुसती मांडली, काचेखाली झाकली, आणि पेटीशेजारी ठेवली.

मग एके दिवशी, होळी होऊन गेली होती, भिंतीवर धाडधाड आवाज झाला. मला वाटलं, पडले की काय. धावत गेले तर अच्युतराव दोन्ही हातांनी भिंत बडवत होते. "वहिनी! या! या लवकर!" पेटीतल्या त्या मेल्या बोंडातून लांब नाजूक देठ वर आला होता आणि देठावर जांभळं फूल. एवढंसंच, पण काय रंग तो! आणि खाली नवी पानं, तीच जुनी चकचकीत, लोण्याची. उपोषण सुटलं होतं! हिवाळाभर ते रोप तसंच राहतं, तेव्हा त्याला खायला काही लागत नाही, ही त्याची रीतच, हे तेव्हा कुठे आम्हाला कळलं. मला त्या रोपाची शिसारी होती, पण त्या दिवशी मी घरातलं साखरेचं भांडं नेऊन आलेल्या प्रत्येकाच्या हातावर साखर ठेवली. चाळ लोटली बघायला. फुलाखालच्या पानावर दोन चिलटं चिकटलेली सगळ्यांना दिसत होती. कमिटीलाही दिसत होती. कुणी एक शब्द काढला नाही. उलट समोरच्या आजी म्हणाल्या, "माझ्या खोलीत पण फार झालीत हो."

शिरस्तेदार तेवढे आले नाहीत.

आणि अखेर महाराष्ट्र झाला, मुंबईसकट! त्या सकाळचं काय सांगू? प्रत्येक दारावर तोरण, गॅलरीभर कंदील, खाली रस्त्यावर लेझीम, गुलालाने कोण कुठला ओळखू येईना. ओळख नसलेल्या बायका मला मिठ्या मारत होत्या आणि मी रडत होते, आणि माझं रडणं बघून आमचे हेही रडत होते. जिंकलो होतो आम्ही. एवढ्या वर्षांत घसा फोडून मागितलेलं हातात आलं होतं.

त्या गलबल्यात अच्युतराव आपल्या खोलीतून बाहेर आले. धुतलेलं धोतर, नवी टोपी, हातात मोठं तबक, तबकावर रुमाल. चैत्रातल्या हळदीकुंकवाला निघाल्यासारखे! रुमाल काढला तर तबकात काचेचे पेले, आणि प्रत्येक पेल्यात वाळू, आणि वाळूत बटणाएवढं लोणीपान. बशीतल्या त्या तुटक्या पानांना तळाशी कोंब फुटले होते. एकेका पानाचं एकेक रोप झालं होतं.

अच्युतराव दारोदार फिरले. कुणाच्या चिमटीत कुठलं पान तुटलं ते त्यांच्या लक्षात होतं. मोजणारा माणूस, चुकेल कसा? "हे तुमचं," म्हणून ते पेला हातात द्यायचे. मी एकही पान तोडलं नव्हतं, तरी मला दिला. "तुम्ही मला गप्प केलंत म्हणून," म्हणाले. शेवटी शिरस्तेदारांच्या दारात गेले. आम्ही चार-पाच जणी हळूच मागून गेलो, उगाच कशाला खोटं बोला.

शिरस्तेदारांनी पेल्याकडे पाहिलं. "हे चिलटं खाणार," ते म्हणाले.

"खाणार," अच्युतराव म्हणाले. "पण तुम्ही तोडलेल्या पानाचं आहे. तुमचंच आहे. ही दोन." दुसरा पेलाही त्यांनी पुढे केला. "यांचं काही करावं लागत नाही. फक्त संध्याकाळी कुणीतरी बघावं लागतं, वाळू सुकली का, चिलट मिळालं का. तुम्हाला जमायचं नाही. मी येऊन बघत जाईन. दोन मिनिटं. तुमची हरकत नसेल तर."

हे बोलताना त्यांची नजर पेल्यांवर नव्हती, उंबऱ्याच्या आत होती. आणि मला एकदम लख्ख कळलं की हा माणूस रोपं वाटत नाहीये, हा घरं मागतोय. इतकी वर्षं आमच्या मधे राहिला, आणि चाळीत एकही घर नव्हतं जिथे त्याने संध्याकाळी सहज जाऊन टेकावं. माझंही नव्हतं.

शिरस्तेदारांना ते कळलं की नाही, देव जाणे. त्यांनी दोन्ही पेले घेतले, देवघराशेजारच्या खिडकीत ठेवले, आणि आत वळून बायकोला हाक मारली. "अगं, अच्युतरावांचं पान मांड. श्रीखंड आहे ना?" मग अच्युतरावांकडे न बघता म्हणाले, "संध्याकाळी कशाला? आत्ताच बसा."

अच्युतराव आत गेले ते दिवेलागणीला बाहेर आले. त्यानंतर त्यांची फेरी सुरू झाली. रोज संध्याकाळी गोदीतून आले की टोपी सारखी करायची आणि एकेक घर घ्यायचं. इथे चहा, तिथे वाटीभर चिवडा, शिरस्तेदारांकडे पत्ते. खाणावळवाला एकदा मला विचारत होता, टेंबे आजारी आहेत का.

आमचं रोप पहिल्या पावसाच्या आधीच गेलं. माझ्या हाताला झाडं लागत नाहीत, तुळससुद्धा लागत नाही. पेल्यात नुसती वाळू राहिली. अच्युतराव ठरल्याप्रमाणे येतात, खिडकीशी वाकतात, त्या रिकाम्या वाळूकडे बराच वेळ निरखून बघतात आणि म्हणतात, "ओल बरोबर आहे, वहिनी." मी म्हणते, "हो का? बरं झालं." मग ते बसतात आणि मी चहा टाकते. तो पेला मी रोज पुसून जागच्या जागी ठेवते, आणि वाळूला पाणी घालायला कधी विसरत नाही.